पुराण मागणाऱ्यांना पुराण देणारे फादर थॉमस स्टीफन्स



दर रविवारी आपण मराठीतून मिस्सा ऐकतो, मराठीतून प्रार्थना म्हणतो आणि मराठीतूनच गातो. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु प्रभू येशूचे चरित्र मराठी ओवीत गाणारा पहिला मोठा कवी मराठी मुलखातला नव्हता. तो इंग्लंडच्या एका खेड्यात जन्मला होता. ज्या काळात एका धर्माचे लोक दुसऱ्या धर्माचे ग्रंथ हातात घेणेही पाप समजत, त्या काळात या परदेशी धर्मगुरूने आपल्या संतकवींची भाषा अभ्यासली, तिच्यावर प्रेम केले आणि तिच्यातच सुमारे ११,००० ओव्यांचे काव्य रचले. ते धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांची मराठीची स्तुती शाळेच्या पुस्तकात आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. त्यांचे चरित्र मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या रविवारी ते थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरवले.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुशटन या गावी झाला. वडील व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे असतील-नसतील, तेव्हा राणी एलिझाबेथ गादीवर आली आणि १५५९ च्या कायद्याने धर्माच्या बाबतीतही राणीचाच शब्द अखेरचा ठरला. कॅथोलिक मिस्सा बेकायदेशीर झाली. जुन्या श्रद्धेला धरून राहणाऱ्यांना दंड, तुरुंग आणि पुढे पुढे फाशीही भोगावी लागली. एडमंड कॅम्पियन या येशूसंघीय धर्मगुरूला १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये ठार मारण्यात आले, ते याच धोरणामुळे.

तरुण थॉमसचा थॉमस पाउंड नावाचा एक मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये येशूसंघात दाखल झाले. आपलेच खरे आणि बाकी सारे खोटे असे म्हणणारी सत्ता हाती आली की माणसांचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या देशात पाहिले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. भारतात येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. त्या प्रवासाची हकिकत त्यांनी १० नोव्हेंबरला वडिलांना पत्राने कळवली. हॅकलूट या संपादकाने ते पत्र आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले आणि भारताविषयी इंग्लंडमधले कुतूहल त्याने वाढवले.

ज्या गोव्यात ते उतरले तो गोवा कसा होता, हेही आपण स्वच्छपणे पाहिले पाहिजे. पोर्तुगीज सत्ता तेथे तलवारीच्या बळावर बसली होती. १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. साष्टी भागातील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली होती. स्थानिक लोकांच्या पोथ्या जप्त होत, जाळल्या जात. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुनी पुराणे ऐकू नयेत असा सक्त निर्बंध होता. ज्या श्रद्धेसाठी स्टीफन्स इंग्लंडमधून परागंदा झाले, त्याच श्रद्धेच्या नावाने येथे दुसऱ्यांवर जुलूम चालला होता. हा इतिहास आपल्या ख्रिस्तसभेचाच आहे, तो झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

स्टीफन्स यांना साष्टीत पाठवण्यात आले आणि आयुष्याची पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी त्याच भागात काढली. मडगाव-राशोलच्या परिसरात त्यांनी गावोगावी सेवा केली, येशूसंघाच्या विद्यालयाचे प्रमुखपदही सांभाळले. या काळात त्यांनी मराठी, कोकणी आणि संस्कृत यांचा अभ्यास केला. गोव्यातल्या येशूसंघीयांनी रामायण-महाभारतातील कथांच्या पोथ्या मिळवून रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. खंडन करण्यासाठी म्हणून गोळा केलेल्या अशा काही कथा आज पोर्तुगालमधील ब्रागा शहरातील ग्रंथालयात जतन झालेल्या आहेत. हेतू काहीही असो, वाचणाऱ्याच्या मनावर वाचनाचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही. स्टीफन्स यांच्या मनावर तो फार खोल झाला.

२५ जुलै १५८३ रोजी साष्टीतील कुंकळ्ळी गावी पाच येशूसंघीय आणि त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. मृतांत फादर रुडॉल्फ आक्वाविवा होते. अकबर बादशहाच्या दरबारात धर्मचर्चा करून ते नुकतेच परतले होते. देवळांच्या पाडापाडीमुळे गावकऱ्यांच्या मनात राग धुमसत होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केले. रक्ताने रक्त वाढले.

अशा वेळी आपल्या सोबत्यांचा खून झालेला माणूस त्या लोकांविषयी काय लिहील? त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, म्हणजे गोव्यात पाऊल ठेवल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, फादर स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या रिचर्ड या भावाला पत्र लिहिले. त्यात त्यांनी या भूमीतल्या भाषांविषयी आदराने लिहिले. त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी भावाला कळवले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच कुळातल्या आहेत असे सांगितले ते १७८६ मध्ये. स्टीफन्स यांना हे साम्य दोनशे वर्षे आधी जाणवले होते. हत्येला तीन महिनेही झालेले नसताना ज्याला समोरच्यांच्या भाषेचा गोडवा सांगावासा वाटतो, त्या माणसाचे मन द्वेषाने बंद झालेले नव्हते, असे आम्हाला वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. ते हेर असावेत, पाखंडी असावेत असा पोर्तुगीजांना संशय होता. ज्या राणीच्या कायद्याने स्टीफन्स यांना देश सोडावा लागला, त्याच राणीची ही प्रजा. तरीही स्टीफन्स त्यांच्यासाठी धावले, त्यांनी रदबदली केली आणि डिसेंबरमध्ये ते जामिनावर सुटले. पुढे फिच गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा असे करत उत्तरेकडे गेला. वाटेत तो आपल्या शेजारच्या बाळापूरवरून बऱ्हाणपूरला पोहोचला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे फादर स्टीफन्स यांनी सोडवलेला एक माणूस चारशे वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडातून चालत गेला होता.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. ख्रिस्तपुराण कसे जन्मले हे त्या काव्याच्या आरंभीच सांगितले आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला. त्याचे म्हणणे साधे होते. धर्माची शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? आम्ही आमचा वेळ कशात घालवावा?

या प्रश्नात मोठे दुःख आहे. माणसाला नुसते नियम पुरत नाहीत. त्याला गोष्ट लागते, गाणे लागते, संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून ऐकण्याजोगे काही लागते. ते काढून घेतले की घर मोकळे पडते. एखाद्या कठोर अधिकाऱ्याने त्या ब्राह्मणाला मागचे पुराण आठवल्याबद्दल शिक्षाच केली असती. फादर स्टीफन्स यांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला उत्तर म्हणून काव्य लिहिले.

हे काव्य १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. मराठी भाषेतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक होय. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत आहे. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत आहे. भाषा मराठी आहे, मात्र सामान्य माणसाला समजावे म्हणून त्यांनी तिच्यात कोकणी शब्द मिसळले. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांनी घराघरात नेलेला ओवीचा. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. येथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या उच्चारलेल्या शब्दांतच त्यांनी शुभवर्तमान सांगितले.

देवनागरी अक्षरांचे खिळे पाडून छपाई व्हावी अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना त्याविषयी लिहिलेही होते. पण ते जमले नाही, आणि ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. काव्याच्या सुरुवातीला त्यांनी मराठीची जी थोरवी गायिली आहे, ती गाताना त्यांनी रत्ने, फुले, सुगंध यांतल्या उत्तमातल्या उत्तम वस्तूंची तिला उपमा दिली आहे. मातृभाषेची स्तुती कोणीही करतो. त्यांनी दुसऱ्यांच्या आईची स्तुती केली.

त्यांनी फक्त काव्यच लिहिले असे नाही. कोकणीतून धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी तयार केले, ते १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. ही दोन्ही पुस्तके छापून आलेली त्यांनी पाहिली नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव मानणारे नव्हते. त्यांच्या काव्यात मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि पोर्तुगीज सत्तेच्या छायेत राहत होते. पण दुसऱ्याच्या भाषेत मनापासून लिहायचे म्हटले की लिहिणाऱ्याला त्या लोकांच्या उंबऱ्याच्या आत यावे लागते. त्यांच्या आया मुलांना काय सांगतात, त्यांची माणसे मरताना काय म्हणतात, हे जाणून घ्यावे लागते. पोथी जाळणाऱ्याला यातले काहीच कळण्याची गरज नसते. स्टीफन्स यांनी तो दुसरा, लांबचा रस्ता धरला. श्रद्धा पक्की ठेवूनही मनाची दारे उघडी ठेवता येतात, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

त्यांच्या मागे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. लोक ते चर्चमध्ये आणि घरी गात. फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्र्वा यांनी त्याच वाटेने जाऊन संत पेत्राचे पुराण मराठीत लिहिले. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हट्टी माणसांचा पुन्हा विजय झाला. देशी भाषांतले ख्रिस्ती लेखन आटले. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरी ते काव्य मेले नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कॅथोलिक कुटुंबांनी त्याच्या हाताने उतरवलेल्या प्रती जपून ठेवल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले. देवनागरी लिपीतले एक हस्तलिखित लंडनमध्ये आढळले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि फादरांची साडेतीनशे वर्षांपूर्वीची इच्छा पुरी झाली. फादर कारिदाद द्रागो आणि फादर नेल्सन फलकाव यांच्या परिश्रमामुळे आजच्या वाचकाला ते अर्थासह वाचता येते. हुकूम सरकारचा होता. पण ज्यांना ते काव्य आवडले होते त्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात बसून ते पानामागून पान उतरवून घेतले असेल, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

कोणी विचारील, हे सारे गोव्यात घडले, आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध? फादर स्टीफन्स ज्या भाषेत लिहीत होते, त्या भाषेच्या घडणीत आपल्या मातीचा वाटा आहे. श्रीचक्रधरांच्या आठवणींचा लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. त्यात आपले लोणार आहे, आपले मेहकर आहे. महानुभावांचे हे ग्रंथ सांकेतिक लिपीत असल्यामुळे शेकडो वर्षे बाहेरच्यांनी ते वाचलेच नाहीत, आणि न वाचताच त्या पंथाविषयी नाही नाही ते बोलले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली, लोकांनी ग्रंथ वाचले, तेव्हा अनेकांचे गैरसमज दूर झाले.

संत चोखामेळा यांचा जन्म परंपरेनुसार आपल्याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात, मेहुणा राजा या गावी झाला. त्यांना पंढरपूरच्या देवळात जाऊ दिले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना १३३८ मध्ये भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी देवळाच्या दाराशी आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या हट्टाला त्यांनी शस्त्राने उत्तर दिले नाही, अभंगाने दिले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा यांनीही अभंग लिहिले. देवळाच्या बाहेर उभे राहण्याचे दुःख काय असते हे हे अभंग वाचून जितके कळते, तितके कोणत्याही भाषणाने कळत नाही. आणि स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद एकनाथांनी भारुडात मांडला, दोघांनाही मोकळेपणाने भांडू दिले आणि शेवटी एकमेकांना भेटवले. दोघे एकमेकांना ठाऊक नव्हते, पण एकाच काळात दोघेही ओवीच्या आधाराने माणसांना जवळ आणीत होते.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. आज आपल्या शेजारी शेगावच्या वारीला जाणारे आहेत, सैलानीच्या उरुसाला जाणारे आहेत, बुद्धवंदना घेणारे आहेत. त्यांच्याविषयी आपण जे समजतो ते बहुतेक वेळा ऐकीव असते. त्यांनाही आपल्याविषयी ऐकीवच माहिती असते. मोबाइलवर फिरणाऱ्या चार ओळींनी ही ऐकीव माहिती आणखी कडू होते. एखाद्याचे पुस्तक वाचायला चार दिवस लागतात, त्याच्याविषयी वाईट बोलायला चार क्षण पुरतात.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या सभेत ख्रिस्तपुराणातील एक प्रसंग मोठ्याने वाचावा. अर्थ कळायला सुरुवातीला थोडे जड जाईल, ज्येष्ठांनी लहानांना मदत करावी. त्यानंतरच्या सभेत चोखोबांचे दोन अभंग वाचावेत. जमल्यास एखाद्या शेजाऱ्याला बोलवावे, त्याच्याकडून त्याच्या घरातली एखादी पोथी समजून घ्यावी आणि आपल्या येशूची गोष्ट त्याला सांगावी. तरुणांनी वाचनाची जबाबदारी घेतली तर उत्तम.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनाबद्दल आपण परमेश्वराचे आभार मानू या. दुसऱ्याचे ऐकून घेण्याइतका धीर आणि स्वतःची श्रद्धा प्रेमाने सांगण्याइतकी गोड वाणी त्याने आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला द्यावी, अशी प्रार्थना करू या.